खाऊ, साखर आणि मुलांचे दात

तापी नदी खानदेशातून पश्चिमेकडे वाहत जाते आणि सुरतेजवळ समुद्रास मिळते. माणसांचा ओघही गेली अनेक वर्षे याच दिशेने चालू आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबे सुरत-भुसावळ लोहमार्गाने सुरतेस गेली आणि तेथील यंत्रमाग, कापडाची रंगाई-छपाई करणारे कारखाने व लहानमोठे व्यवसाय यांत स्थिरावली. उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज मराठी आणि अहिराणी सहज कानी पडते. सुरतेच्या नगर प्राथमिक शिक्षण समितीतर्फे गुजरातीबरोबरच मराठी माध्यमाच्या शाळाही चालविण्यात येतात. याखेरीज दरवर्षी दिवाळीनंतर धुळे-नंदुरबारकडील ऊसतोड मजुरांच्या टोळ्या मुलाबाळांसह बारडोली परिसरातील साखर कारखान्यांच्या क्षेत्रात उतरतात आणि उन्हाळ्याच्या सुमारास गावी परततात.

अशा रीतीने एकाच मुलखातील मुले आज तीन निरनिराळ्या ठिकाणी वाढत आहेत : खानदेशातील गावात, सुरतेच्या कामगार वस्तीत आणि उसाच्या फडाशेजारील पडावावर. या तिन्ही ठिकाणचे राहणीमान, पाणी, शाळा व वैद्यकीय सोयी यांत मोठे अंतर आहे. परंतु दात किडण्याच्या बाबतीत हे अंतर झपाट्याने कमी होत चालले आहे. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा आणि एक रुपयाची गोळी या तिन्ही ठिकाणी सारख्याच सहजतेने मिळते, हे त्याचे प्रमुख कारण होय.

दंतक्षय हा जिवावर बेतणारा आजार म्हणून सहसा ओळखला जात नाही, आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते. भारतीय दंतवैद्यक परिषदेने २००२-०३ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के, बारा वर्षांच्या ५३.८ टक्के आणि पंधरा वर्षांच्या ६३.१ टक्के मुलांमध्ये किडलेले दात आढळून आले. याचा अर्थ असा की, कोणत्याही प्राथमिक शाळेच्या वर्गात शिक्षकांनी पाहिले, तर सरासरीने दर दुसऱ्या मुलाच्या तोंडात हा विकार असण्याचा संभव आहे. ज्या मुलाची दाढ ठणकते ते रात्री झोपत नाही, एका बाजूने चावते, भाकरी टाळून मऊ व गोड पदार्थ मागते आणि वर्गात त्याचे लक्ष लागत नाही. ज्या कुटुंबाचे पोट रोजच्या मजुरीवर चालते, त्याला मुलाला रुग्णालयात नेण्यासाठी एक दिवसाचा रोजगार बुडवावा लागतो. हे सारे नुकसान बव्हंशी टाळता येण्याजोगे आहे.

दात का किडतात?

दाताचे वरचे कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. वजनाच्या मानाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग कॅल्शियम व फॉस्फरस यांच्या क्षारांचा बनलेला असतो. असे हे कठीण कवच एका गोष्टीपुढे मात्र टिकाव धरू शकत नाही, आणि ती म्हणजे आम्ल.

प्रत्येकाच्या तोंडात अब्जावधी सूक्ष्म जंतू असतात. दातांवर जो चिकट, पांढरट थर साचतो तो मुख्यत्वे या जंतूंचाच असतो. आपण साखर खाल्ली की ती या जंतूंनाही मिळते आणि ते तिचे आम्लात रूपांतर करतात. हे आम्ल दाताच्या कवचातील क्षार विरघळवू लागते. बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतशास्त्रज्ञ डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये हा विचार प्रथम सुसंगतपणे मांडला. पुढे १९२४ मध्ये इंग्लंडमधील किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांत 'स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स' हा जंतू शोधून काढला. दात किडविणाऱ्या जंतूंत आज त्याला अग्रस्थान दिले जाते.

आम्ल तयार होण्यास किती वेळ लागतो, हे अमेरिकेतील रॉबर्ट स्टीफन यांनी १९४० च्या दशकात मोजून दाखविले. साखरेचे पाणी तोंडात घेतल्यानंतर अवघ्या काही मिनिटांत दातांवरील थर इतका आम्लधर्मी होतो की, कवचाची झीज सुरू व्हावी. त्यानंतर लाळ हे आम्ल हळूहळू धुऊन काढते, त्याची तीव्रता कमी करते आणि दाताला गमावलेले क्षार काही प्रमाणात परत देते. तोंड पूर्वस्थितीस येण्यास साधारणपणे अर्धा ते एक तास लागतो. दात दररोज झिजतो आणि दररोज भरून निघतो. झीज अधिक व भरपाई कमी, असे महिनोन् महिने चालले म्हणजे प्रथम पांढरा डाग, मग तपकिरी खड्डा आणि शेवटी ठणका, या क्रमाने दात किडतो.

किती साखर, यापेक्षा किती वेळा?

वरील माहितीवरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. मुलाने दिवसातून किती साखर खाल्ली याला महत्त्व आहेच, परंतु ती किती वेळा खाल्ली याला दातांच्या दृष्टीने त्याहून अधिक महत्त्व आहे.

पांडेसऱ्यातील अथवा नंदुरबारजवळील गावातील एखाद्या मुलाचा दिवस या दृष्टीने डोळ्यांपुढे आणावा. सकाळी गोड चहा व त्यात बुडविलेले बिस्किट, शाळेच्या वाटेवर एक गोळी, मधल्या सुट्टीत पुडीतला खाऊ, घरी आल्यावर रंगीत सरबत, दुपारी पुन्हा चहा आणि खारी, संध्याकाळी बर्फाचा गोळा व रात्री साखर घातलेले दूध. हे सात वेळा झाले. प्रत्येक वेळी किमान अर्धा तास म्हटले तरी त्या मुलाचे दात दिवसातून साडेतीन तासांहून अधिक काळ आम्लात राहतात. लाळेला भरपाईसाठी उसंतच मिळत नाही. यातील रात्रीचे दूध सर्वांत घातक ठरते, कारण झोपेत लाळ फारच कमी सुटते.

याच्या उलट सुरतेची प्रसिद्ध घारी घ्यावी. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी, चांदनी पडव्याला, सुरतेत घरोघरी घारी खाल्ली जाते. मावा, तूप आणि साखर यांचा हा जड पदार्थ आहे. तरीही वर्षातून एकदा, जेवणाबरोबर खाल्लेली घारी दातांचे फारसे वाईट करीत नाही. सणाची पुरणपोळी, लग्नातला लाडू यांविषयीही हेच म्हणता येईल. मुलाचे दात किडतात ते सणाच्या पक्वान्नाने नव्हे, तर सणावाराशी संबंध नसलेल्या रोजच्या किरकोळ गोडाने.

हा भेद शास्त्रीय प्रयोगानेही सिद्ध झालेला आहे, जरी त्या प्रयोगाचा इतिहास अभिमानास्पद नाही. स्वीडनमध्ये लुंड शहराजवळ व्हिपेहोल्म येथे मतिमंद व्यक्तींची एक संस्था होती. तेथे १९४५ पासून काही वर्षे काही रुग्णांना जेवणातून साखर, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळेत चिकट टॉफी देण्यात आली. जेवणाबरोबर साखर मिळालेल्यांचे दात फारसे बिघडले नाहीत. दिवसभर टॉफी चघळणाऱ्यांचे मात्र झपाट्याने किडले. ज्यांना संमती देणे शक्य नव्हते अशा माणसांवर केलेला हा प्रयोग आज सर्वत्र निषेधार्ह मानला जातो. त्याची किंमत त्या असहाय माणसांनी मोजली. त्यातून हाती आलेले ज्ञान तरी वाया जाऊ नये.

ऑस्ट्रेलियातील उदाहरण यापेक्षा सुखद आहे. न्यू साउथ वेल्स राज्यातील बाउरल येथील होपवुड हाउस या बालगृहात १९४० च्या दशकापासून मुलांना साखर व मैदा जवळजवळ वर्ज्य असलेला आहार दिला जात असे. ही मुले दात घासण्याच्या बाबतीत विशेष दक्ष नव्हती, तरी त्यांचे दात त्या देशातील इतर मुलांपेक्षा पुष्कळच निरोगी आढळले. मात्र वयात येताना संस्था सोडून ती बाहेरचे अन्न खाऊ लागली, तेव्हा त्यांचेही दात इतरांसारखेच किडू लागले. बालपणीचा चांगला आहार पुढील आयुष्यभराचे कवचकुंडल ठरत नाही. सवय टिकली तरच दात टिकतात, हा त्यातील बोध होय.

शहर आणि खेडे

साखर ही सुरतेला नवीन नाही. १६८९ मध्ये सुरतेस आलेले इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन यांनी आपल्या प्रवासवर्णनात येथील लोक चहाबरोबर खडीसाखर घेतात, अशी नोंद केली आहे. परंतु त्या काळी साखर ही सधन व्यापाऱ्यांच्या घरातील वस्तू होती. गरिबाच्या घरात गोड येई ते सणाला, आणि तेही बहुधा गुळाच्या रूपाने.

खानदेशातील पारंपरिक आहार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. ज्वारी-बाजरीची अथवा कळण्याची भाकरी, उडदाचे वरण, वांग्याचे भरीत, मिरचीचा ठेचा, शेंगदाणे, ताक आणि हंगामात बोरे, पेरू, काकडी. भाकरी चावून खावी लागते. चावण्याने लाळ सुटते आणि लाळ ही दातांची नैसर्गिक रक्षक होय. असे अन्न खाणाऱ्या मुलाला दोन जेवणांच्या मध्ये काही मिळालेच तर ते मूठभर शेंगदाणे अथवा भाकरीचा तुकडा असे. त्यामुळे पूर्वी शहरातील मुलांचे दात अधिक किडलेले आणि खेड्यातील मुलांचे तुलनेने निरोगी, असे चित्र आपल्या देशात सामान्यतः दिसत असे.

कुटुंब सुरतेस आले की हे चित्र बदलते. आई-वडील दोघेही कामावर, वडिलांची पाळी कधी दिवसाची तर कधी रात्रीची, खोली लहान आणि चूल पेटविण्यास वेळ अपुरा. अशा घरात मुलाच्या हातावर पाच-दहा रुपये ठेवून पोटाची सोय करण्यात येते. त्या पैशातून भाकरी मिळत नाही, पुडा मिळतो. यात आई-वडिलांचा दोष मानणे योग्य नव्हे. ती त्यांच्या परिस्थितीची अडचण आहे, हे समजून घेऊनच त्यांना उपाय सुचविला पाहिजे.

तथापि खेडेही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. पुडी आणि गोळी पाड्यापाड्यावरच्या दुकानात पोहोचली. ब्रश, पेस्ट आणि दंतवैद्य मात्र त्या वेगाने पोहोचले नाहीत. देशातील बहुसंख्य दंतवैद्य शहरांत व्यवसाय करतात. परिणामी शहरातील मुलाचा दात किडला तर तो भरून घेण्याची शक्यता तरी असते. खेड्यातील मुलाचा दात बहुधा काढूनच टाकावा लागतो. शहरी मुलांचा रोग खेड्यात गेला, पण शहरी मुलांचा उपचार तेथे गेला नाही, अशी ही स्थिती आहे.

ऊसतोड कुटुंबांची मुले सर्वांत अडचणीत आहेत. त्यांची शाळा हंगामात तुटते आणि आरोग्य तपासणीच्या वेळी ती ना गावातील हजेरीपटावर असतात ना पडावाजवळच्या शाळेच्या. ही मुले ऊस चघळतात म्हणून त्यांचे दात किडतात, असा समज आहे. ऊस चावताना तंतूंमुळे दात काही अंशी घासले जातात व भरपूर लाळ सुटते. त्यामुळे एखादे कांडे हे गोळीइतके हानिकारक नाही. मात्र दिवसभर ऊस तोंडात ठेवणे चांगले नव्हे. ऊस खाल्ल्यावर चूळ भरण्याची सवय मुलांना लावता येते, आणि तीस एक पैसाही लागत नाही.

दंतक्षय आणि कुपोषण यांचाही निकटचा संबंध आहे. 'साखरेने मुले धष्टपुष्ट होतात' हा भ्रम आहे. बिस्किटाने भूक मरते आणि जेवण राहून जाते. दात दुखू लागला की उरलेसुरले जेवणही सुटते. वजन न वाढणाऱ्या मुलाच्या तोंडात डोकावून पाहणे, हे अंगणवाडी सेविकांनी आपल्या कामाचा भाग मानावे.

सहाव्या वर्षाची दाढ

पालकांना सर्वांत कमी ठाऊक असलेली गोष्ट येथे स्वतंत्रपणे सांगणे आवश्यक आहे. मुलाला सहाव्या महिन्याच्या सुमारास पहिला दात येतो आणि अडीच ते तीन वर्षांपर्यंत दुधाचे २० दात पूर्ण होतात. सहाव्या वर्षापासून ते पडू लागतात. परंतु त्याच सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे, वर-खाली व डाव्या-उजव्या बाजूस मिळून, चार नव्या दाढा येतात. या दाढा कोणताही दात न पडता येतात. त्यामुळे त्याही दुधाच्याच असाव्यात, असे पालक समजतात. वस्तुतः त्या कायमच्या दाढा असतात. त्या किडल्या किंवा काढाव्या लागल्या तर त्यांच्या जागी पुन्हा काहीही येत नाही.

ही दाढ ज्या वयात येते त्याच वयात मूल शाळेत जाऊ लागते आणि त्याच्या हाती प्रथमच खाऊचे पैसे येतात. दाढेवरील खाचा खोल असतात, मुलाचा हात तेथवर नीट पोहोचत नाही आणि पालकांचे लक्ष नसते. म्हणून नवव्या-दहाव्या वर्षी किडून गेलेल्या दाढांमध्ये हीच दाढ बहुधा आढळते. शिक्षकांनी पहिली-दुसरीच्या पालकसभेत एवढी एकच माहिती दिली, तरी अनेक मुलांच्या दाढा वाचू शकतील.

'दुधाचे दात तरी पडणारच आहेत, मग काळजी कशाला?' असाही प्रश्न विचारण्यात येतो. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. तोवर मूल त्यांनीच चावते. त्या पुढील दातांसाठी जागा राखून ठेवतात. त्या अकाली गेल्या तर मागचे दात पुढे सरकतात आणि नवे दात वेडेवाकडे येतात. शिवाय मुळाशी पू झाल्यास खाली तयार होत असलेल्या कायमच्या दातासही इजा पोहोचते.

काही प्रचलित समजुती

दातात किडा असतो आणि तो धुरीने पडतो, ही समजूत जगातील अनेक देशांत होती. फ्रान्समधील पियेर फोशार यांनी १७२८ मध्ये आपल्या ग्रंथात तिचे खंडन केले. आपल्याकडे मात्र रिंगणीच्या बियांची धुरी देऊन 'किडे' काढून दाखविणारे वैदू अजूनही आढळतात. दाताला खड्डा पडतो तो आम्लाने. त्यात वळवळणारा प्राणी नसतो. धुरी घेण्यात गेलेल्या दिवसांत खड्डा मात्र खोल होत जातो.

गूळ दातांना चांगला, साखर वाईट, असेही मानले जाते. गुळात काही क्षार असले तरी तो मुख्यतः साखरच आहे आणि चिकट असल्याने दातांवर अधिक काळ राहतो. मधाचेही तसेच. तान्ह्या मुलाची चोखणी मधात वा गुळात बुडवून तोंडात देण्याची प्रथा सोडून दिली पाहिजे. दुधाची बाटली तोंडात ठेवून मुलाला झोपविल्यास वरचे पुढील दात उगवताच किडू लागतात.

मिश्री अथवा मशेरी लावण्याने दात बळकट होतात, ही समजूत सर्वांत धोकादायक होय. मिश्री ही भाजलेली तंबाखू आहे. तिने दाताचा ठणका तात्पुरता बधिर होतो, पण मुलास तंबाखूचे व्यसन लागते आणि पुढे तोंडाच्या कर्करोगाचा धोका निर्माण होतो. शाळेबाहेर मिळणाऱ्या गोड सुपारीविषयीही हेच सांगावे लागते. सुपारीने तोंडाची आतील त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते.

फ्लोराइड : उपयोग आणि मर्यादा

फ्लोराइड हा क्षार अल्प प्रमाणात दाताच्या कवचास आम्लाविरुद्ध बळकटी देतो. दररोज दोन वेळा फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासणे हा दंतक्षय रोखण्याचा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरेशी होते. घासल्यावर फेस थुंकून टाकावा. भरपूर पाण्याने खळखळून चुळा भरू नयेत, म्हणजे फ्लोराइड दातांवर राहते. सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात मोठ्या माणसाने घासून द्यावेत. यांतील रात्रीचे घासणे कधीही चुकवू नये.

परंतु हाच क्षार पाण्यातून अधिक प्रमाणात पोटात गेल्यास दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे हाडेही ताठरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतो. उत्तर गुजरात आणि विदर्भ-मराठवाड्यातील काही भागांत विंधन विहिरींच्या पाण्यात तो याहून अधिक सापडतो. नदीच्या पाण्यात तो सामान्यतः कमी असतो. म्हणून प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या स्रोताचा अहवाल पाहून घ्यावा. दातांवरील प्रत्येक डाग ही कीड नसते, हेही त्यावरून ध्यानात येईल.

बाभळीची व कडुनिंबाची काडी वापरण्यास हरकत नाही. काडी चावून मऊ केली आणि हिरड्यांना न खरचटता नीट फिरविली, तर थर निघतो. मात्र काडीत फ्लोराइड नसते आणि मागील दाढेपर्यंत ती नीट पोहोचत नाही. राख, विटेची भुकटी आणि कोळसा यांनी कवच खरवडले जाते. त्यांचा वापर बंद करणे इष्ट होय.

घर, शाळा आणि गाव यांचे काम

जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये शिफारस केली आहे की, आहारात वरून घातलेल्या साखरेचे प्रमाण एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असावे; ५ टक्क्यांखाली आणल्यास अधिक चांगले. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी हे प्रमाण साधारणतः दिवसाला सहा-सात लहान चमचे, आणि शक्यतो तीन-चार चमचे, असे होते. थंड पेयाच्या एका लहान बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. दोन चमचे साखरेचा चहा दोन वेळा घेतला, तर तेथेच चार चमचे संपतात.

घरात पालकांनी एवढे करावे : गोड द्यायचेच तर ते जेवणाबरोबर द्यावे; दोन जेवणांच्या मध्ये शेंगदाणे, फुटाणे, केळी, पेरू, काकडी, गाजर, ताक अथवा शिळ्या भाकरीचा कुस्करा द्यावा. सुरतेत हिवाळ्यात मिळणारा पोंक म्हणजे आपल्या खानदेशातील ज्वारीचा हुरडाच होय. मुलांना तो मूठभर द्यावा, परंतु त्यावर साखरेचे दाणे घालू नयेत. रात्री दात घासल्यानंतर पाण्याखेरीज काहीही देऊ नये.

शाळेच्या बाबतीत कायद्याचा आधार उपलब्ध आहे. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार अतिरिक्त साखर, मीठ व चरबी असलेले पदार्थ शाळेत अथवा शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समितीने हा नियम विक्रेत्यांना समजावून सांगावा. फाटकाबाहेर बसणारी बाईही आपले पोट भरण्यासाठीच तेथे बसते. तिने गोळ्यांऐवजी बोरे, पेरू, उकडलेल्या शेंगा ठेवल्या, तर तिचा धंदाही चालेल आणि मुलांचे दातही राखले जातील. वाढदिवसानिमित्त वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी फळे अथवा पेन्सिली वाटण्याचा प्रघात पाडता येईल. मध्यान्ह भोजनानंतर सर्व मुलांनी चूळ भरावी, यासाठी पाच मिनिटे पुरतात.

गावात उपचाराचा मार्ग शासकीय यंत्रणेतून जातो. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांकडून अंगणवाडी व शाळांतील मुलांची तपासणी होते, आणि तपासावयाच्या विकारांत दातांच्या विकारांचा समावेश आहे. पथक येण्याच्या दिवशी एकही मूल गैरहजर राहू नये, याची दक्षता शिक्षक व सरपंच यांनी घ्यावी. ऊसतोड कुटुंबांच्या मुलांची तपासणी टोळी निघण्यापूर्वी, म्हणजे दिवाळीआधी, उरकून घेणे श्रेयस्कर ठरेल. सुरतेतील कुटुंबांना नवी सिव्हिल आणि महानगरपालिकेचे स्मीमेर या दोन मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांचा आधार आहे.

आता दाढ काढणे हाच एकमेव इलाज राहिलेला नाही. यंत्राने कोरल्याविना हातातील अवजाराने किडलेला भाग काढून त्यात सिमेंट भरण्याची पद्धत विजेची सोय नसलेल्या ठिकाणीही वापरता येते. 'सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड' या द्रवाचा थेंब लावून कीड थोपविता येते. त्याने दातावरील डाग काळा पडतो, परंतु वेदना होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे द्रावण, दात भरण्याचे सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट यांचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला आहे. हे सर्व उपाय कीड लहान असतानाच उपयोगी पडतात. पांढरा किंवा तपकिरी डाग दिसताच मुलास नेले, तर काम थोडक्यात होते. ठणका सुरू होईपर्यंत थांबले, तर बहुधा दाढ गमवावी लागते.

कुटुंबाने गाव सोडले म्हणून त्याची भाकरी सुटलीच पाहिजे असे नाही, आणि गावात राहिले म्हणून मुलाचे दात आपोआप सुरक्षित राहतील, असेही आता म्हणता येत नाही. सुरतेच्या वस्तीत असो, खानदेशाच्या गावात असो की उसाच्या पडावावर असो, गोड खाण्याच्या वेळा कमी करणे आणि रात्री दात घासणे, या दोन गोष्टी प्रत्येक घराच्या आवाक्यातील आहेत. ज्या घरात सहा वर्षांचे मूल असेल, तेथील वडीलधाऱ्यांनी उद्या सकाळी त्याला उजेडात नेऊन तोंड उघडावयास सांगावे आणि सर्वांत मागची दाढ पाहावी. ती स्वच्छ असेल तर ती तशीच राखावी. डाग दिसला तर त्याच आठवड्यात रुग्णालय गाठावे. पुढील साठ-सत्तर वर्षे त्या मुलास त्याच दाढेने भाकरी चावावयाची आहे.